गारव्याच्या यंत्रातील बुरशी



चैत्र निम्मा सरला की विदर्भात, खानदेशात आणि मराठवाड्याच्या बऱ्याच भागात घरोघर एक काम निघते. माळ्यावर नाहीतर मागच्या पडवीत आठ महिने पडलेला कूलर बाहेर ओढला जातो. वरची धूळ फडक्याने झटकली, टाकीत चार बादल्या पाणी ओतले, बटण दाबले, की झाले! पहिला झोत अंगावर येतो आणि त्याबरोबर एक वासही येतो. ओल्या पोत्याचा, कोंदट, कुबट. घरातली सून म्हणते, "अहो, वास मारतोय." त्यावर घरातले कोणीतरी वडीलधारे हमखास उत्तर देते, "असू दे गं, दोन दिवसांत जाईल."

आणि खरोखरच दोन दिवसांनी कोणी वासाची तक्रार करीत नाही. पण मंडळी, वास गेलेला नसतो. आपले नाक त्याला सरावलेले असते.

तो वास बुरशीचा आणि तिच्या सोबतीने ओलीत वाढणाऱ्या इतर सूक्ष्म जीवांचा. आज मला त्यांचाच इतिहास सांगायचा आहे. घर गार करावे, ऊबदार करावे म्हणून माणसाने यंत्रे केली आणि त्या यंत्रांत त्याच्या नकळत एक भाडेकरू राहायला आला. तो केव्हा आला, तो घातक आहे हे कोणाच्या ध्यानात आले, आणि त्याला बाहेर काढण्याचा खरा उपाय कोणता, हे शिकायला शास्त्रज्ञांना किती वर्षे लागली, त्याची ही हकीकत आहे. गंमत अशी की ती कारखान्यात सुरू होत नाही. ती गुरांच्या गोठ्याशेजारी, वैरणीच्या गंजीपाशी सुरू होते.

पण आधी बुरशीची थोडी ओळख करून घेऊ. पावसाळ्यात चामड्याच्या वहाणेवर, लोणच्याच्या बरणीच्या काठावर, शिळ्या भाकरीवर जी हिरवी-पांढरी लव दिसते ती आपल्या सर्वांच्या परिचयाची. १६६५ साली इंग्लंडात रॉबर्ट हूक नावाच्या शास्त्रज्ञाने एका पुस्तकाच्या चामडी वेष्टणावरची अशी लव सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि तिचे चित्र काढून छापले. त्या लवेत बारीक देठ आणि देठांवर बोंडे होती! पुढे १७२९ साली इटलीतील फ्लॉरेन्सच्या मिकेली या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्या बोंडांतली पूड खरबुजाच्या फोडीवर टाकली, तेव्हा त्या फोडीवर तीच बुरशी उगवली. म्हणजे ती पूड हे बुरशीचे बी होते. एका जातीची बोंडे त्याला चर्चमधल्या तीर्थ शिंपडण्याच्या झारीसारखी वाटली, म्हणून त्याने तिला 'अस्परजिलस' हे नाव दिले. ते नाव डॉक्टरांच्या पुस्तकांत आजही आहे.

हे बी डोळ्यांना दिसत नाही इतके लहान असते. ते हवेत सर्वत्र असते. आत्ता आपण बसलो आहोत तिथेही आहे. त्याला पळवून लावणे कोणालाच शक्य नाही. ते उगवायला मात्र ओल लागते. कोरड्या भिंतीवर ते धुळीसारखे पडून राहते, ओल्या भिंतीवर रुजते. शेतकऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. ही एवढी खूणगाठ बांधून ठेवा, पुढच्या साऱ्या हकिकतीत ती लागणार आहे.

आता गंजीकडे वळू.

धान्याच्या आणि गवताच्या धुळीने माणूस आजारी पडतो हे फार पूर्वीपासून माहीत होते. अठराव्या शतकाच्या आरंभी इटलीतल्या रामाझ्झिनी या वैद्याने कामकऱ्यांच्या रोगांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. धान्य चाळणाऱ्या आणि मापणाऱ्या लोकांना खोकला आणि धाप कशी लागते हे त्यात त्याने नमूद केले आहे. आपल्याकडे खळ्यावर उफणणी करताना तोंडाला उपरणे बांधण्याची चाल होती, ती काही उगीच नव्हे. पण ही सारी सामान्य धूळ. यापुढची गोष्ट निराळी आहे.

इंग्लंडच्या उत्तरेला वेस्टमोरलंड नावाचा डोंगराळ आणि पावसाळी मुलूख आहे. तिथे थंडीचे सहा महिने गुरे आत बांधावी लागतात आणि उन्हाळ्यात कापून साठवलेल्या गवतावर जगवावी लागतात. गवत नीट वाळण्याआधी पाऊस आला, तर ते ओलेच गंजीत जाते. ओले गवत दाबून रचले म्हणजे आतून तापते. आपल्याकडे ओला कडबा रचला की दोन दिवसांनी आत हात घातल्यावर चटका बसतो, तसेच. अशी गवते हिवाळ्यात फोडली की त्यांतून पांढऱ्या धुळीचे लोट उठत. कॅम्बेल नावाच्या डॉक्टराने १९३२ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात लिहिले की अशा बुरसटलेल्या गवताशी काम केल्यावर काही मजुरांना तीव्र आजार होतो आहे. सकाळी गवत फोडावे आणि चार-सहा तासांनी, संध्याकाळच्या सुमारास थंडी वाजून ताप यावा, कोरडा खोकला लागावा, धाप लागावी. चार दिवस काम सोडले की बरे वाटावे. पुन्हा गवतात हात घातला की पुन्हा तेच.

इथे क्षणभर थांबा, कारण या रोगाची लबाडी या मधल्या चार-सहा तासांत आहे. गवत सकाळी फोडले आणि ताप रात्री आला, तर माणूस त्या दोन गोष्टींचा संबंध जोडीत नाही. तो म्हणतो, पडसे झाले असेल, वारा लागला असेल. डॉक्टरलाही वाटते हिवताप असेल. खोकला महिनोन् महिने राहिला की क्षयाचा संशय येतो आणि क्षयाची औषधे सुरू होतात. तोवर फुफ्फुसाच्या आत सूज येत राहते. बरीच वर्षे असे चालले, तर फुफ्फुसे चिवट होत जातात, आणि मग गवत सोडले तरी गेलेला श्वास परत येत नाही. या रोगाला इंग्रजीत 'शेतकऱ्याचे फुफ्फुस' असेच नाव पडले.

पण गवतातले नेमके काय बाधते? ते कळायला आणखी तीस वर्षे गेली. १९६३ साली लंडनचे डॉक्टर जॅक पेपिस आणि रॉथमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रातील ग्रेगरी, लेसी प्रभृती शास्त्रज्ञांनी मिळून ते शोधून काढले. वैद्य आणि शेतकी शास्त्रज्ञ एका मेजाशी बसल्याशिवाय हे कोडे सुटले नसते, असे मला वाटते. त्यांना दिसले की ओले गवत ५०–६० अंश सेल्सियसपर्यंत तापते तेव्हा त्यात ऊब आवडणारे काही विशिष्ट जीव माजतात. दिसायला ते बुरशीसारखेच, धाग्याधाग्यांचे. पण शास्त्राने पाहिले तर ते जिवाणूंच्या कुळातले. त्यांचे बी हवेबरोबर थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाते. तिथे ते काही रुजत नाही. शरीर त्यालाच शत्रू समजून त्याच्यावर तुटून पडते आणि त्या झटापटीत फुफ्फुस सुजते. म्हणून हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. म्हणूनच एकाच गोठ्यात काम करणाऱ्या पाचांपैकी एखाद्यालाच तो होतो. बाकीचे चौघे त्याला 'नाजूक' म्हणून हसतात, ते वेगळेच!

आपल्या साखरपट्ट्यातील श्रोत्यांसाठी आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. उसाचा रस काढल्यावर उरलेले चिपाड, कारखान्याच्या भाषेत बगॅस, ढीग करून बरेच दिवस ठेवले की तेही असेच आतून तापते आणि बुरसते. त्याच्या धुळीने होणाऱ्या अशाच रोगाचे वर्णन अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स येथे १९४१ साली प्रसिद्ध झाले. भारतात १९५५ साली कलकत्त्याजवळच्या एका पुठ्ठ्याच्या कारखान्यातील कामगारांत तो आढळल्याची नोंद आहे.

तर आतापर्यंत हा रोग गवताचा होता, चिपाडाचा होता, कष्टकऱ्यांचा होता. तो खुर्चीवर बसणाऱ्यांच्या कचेरीत कसा शिरला? त्यासाठी आपल्याला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात जावे लागेल.

साल १९०२. तिथे रंगीत चित्रे छापली जात. एक रंग आज, दुसरा उद्या, असे एकावर एक रंग चढवायचे. पण उन्हाळ्यातल्या दमट हवेत कागद फुगे, कोरड्या हवेत आक्रसे, आणि दुसरा रंग पहिल्यावर नेमका बसेना. चित्रातल्या बाईचे लाल ओठ गालावर छापले जाऊ लागले तर गिऱ्हाईक कसे राहील? हे संकट विलिस कॅरियर नावाच्या पंचवीस वर्षांच्या इंजिनिअरकडे आले. त्याने एक साधी गोष्ट हेरली. थंड पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो, तो कुठून येतो? हवेतून. हवा थंड पृष्ठभागाला लागली की तिच्यातील वाफेचे पाणी होते. तेव्हा खोलीतील हवा थंड नळ्यांवरून फिरवली, तर तिच्यातील ओल नळ्यांवर उतरेल आणि हवा कोरडी होईल. त्याच्या आराखड्यांवर जुलै १९०२ ही तारीख आहे. आज आपण ज्याला एसी म्हणतो त्याचा हा जन्म. 'एअर कंडिशनिंग' हे नाव मात्र १९०६ साली क्रेमर या दुसऱ्याच एका गृहस्थाने कापडगिरण्यांच्या संदर्भात वापरले.

पाहा, हे यंत्र मुळात माणसाला गार करण्यासाठी नव्हतेच. ते कागदासाठी होते आणि हवेतील ओल काढण्यासाठी होते. माणसांचा नंबर नंतर लागला. १९१४ साली अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात एका धनिकाच्या वाड्यात असे यंत्र बसले. मुंबईत १९३३ साली उघडलेल्या रीगल चित्रपटगृहात ते होते. पण एक प्रश्न बराच काळ कोणाच्या मनात आला नाही. हवेतून पिळून काढलेले ते पाणी जाते कुठे? ते नळ्यांवरून ठिबकते, खालच्या तबकात पडते, आणि तबकाला नीट उतार असला, निचऱ्याची नळी मोकळी असली, तर बाहेर वाहून जाते. नसली, तर तिथेच साचते. त्यावर हवेतली धूळ बसते. धूळ म्हणजे तरी काय? कापसाचे तंतू, माणसाच्या कातडीचा कोंडा, मातीचे कण. बुरशीला याहून चांगले खत कोणते? अंधार आहे, ओल आहे, खत आहे, आणि वर वाऱ्याचा पंखा आहे, जो बी उधळून खोलीभर पसरवतो. बोलूनचालून पेरणीयंत्रच!

पहिली धोक्याची घंटा १९५९ साली स्वित्झर्लंडमध्ये वाजली. एका सुतारकामाच्या कारखान्यात लाकूड तडकू नये म्हणून हवेत पाण्याचे तुषार सोडणारे यंत्र होते. तिथले कामगार एकदम तापाने पडू लागले. पेस्टालोझ्झी नावाच्या डॉक्टराने शोध घेतला तेव्हा त्या यंत्राच्या पाण्यात बुरशी माजलेली निघाली.

मग १९७० साली अमेरिकेत बॅनाझॅक, थिडे आणि फिंक या डॉक्टरांनी एका कचेरीची हकीकत प्रसिद्ध केली. तिथे काम करणाऱ्या २७ जणांपैकी चौघांना तेच दुखणे जडले होते: ताप, कोरडा खोकला, धाप. यांपैकी कोणी गवताला हात लावलेला नव्हता. डॉक्टरांनी कचेरीचे वातानुकूलन यंत्र उघडले आणि त्यात त्यांना वेस्टमोरलंडच्या गंजीतल्या त्या जिवांचे भाऊबंद सापडले! पुढल्याच वर्षी, १९७१ मध्ये, याच संशोधकांनी जागा ऊबदार ठेवणाऱ्या यंत्रणेतून आलेल्या अशाच दुखण्याचा वृत्तांत दिला. गार करणारे यंत्र असो की गरम करणारे, ओल साचली की दोन्ही एकाच माळेचे मणी. चाळीस वर्षांत 'शेतकऱ्याचे फुफ्फुस' बाबूलोकांच्या छातीत आले होते.

त्यानंतर १९७३ साली जगात तेलाचा तुटवडा पडला. इंधन वाचवायचे म्हणून पाश्चात्य देशांत घरे आणि कचेऱ्या घट्ट बंद करण्यात आल्या, फटी बुजवल्या, बाहेरची ताजी हवा आत घेण्याचे प्रमाण कमी केले. पैसा वाचला खरा, पण आतली ओल आतच कोंडली गेली. १९७६ साली फिलाडेल्फियातील एका मोठ्या हॉटेलात माजी सैनिकांचा मेळावा भरला होता. त्यानंतर २२१ लोक न्यूमोनियाने आजारी पडले आणि ३४ दगावले. पुढे जानेवारी १९७७ मध्ये त्याला कारण असलेला जिवाणू सापडला. ती बुरशी नव्हे, तो रोगही निराळा. पण गारव्याच्या यंत्रणेतील साचलेले पाणी म्हणजे निरुपद्रवी पाणी, ही समजूत त्या घटनेने कायमची पुसली.

घाबरण्याचीही मग एक लाट आली. १९९३ आणि १९९४ या दोन वर्षांत क्लीव्हलंड शहरात काही तान्ह्या मुलांच्या फुफ्फुसातून रक्तस्राव झाला. त्यांच्या घरांत ओल होती, काळी बुरशी होती. तेव्हा दोष त्या बुरशीचाच असा निष्कर्ष निघाला आणि 'काळी बुरशी मारते' अशी हाकाटी अमेरिकाभर झाली. पण तिथल्याच सरकारी रोगनियंत्रण केंद्राने सारे कागद पुन्हा तपासले आणि २००० साली जाहीर केले की हा संबंध सिद्ध झालेला नाही. आपलेच म्हणणे असे उघडपणे मागे घ्यायला धैर्य लागते. शिक्षकांनी वर्गात विज्ञान शिकवताना न्यूटनच्या सफरचंदाबरोबर हीही गोष्ट सांगावी, असे मी सुचवीन. ओलसर घरात खोकला आणि दमा बळावतो याला मात्र भरपूर पुरावा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली तसे आपल्या मार्गदर्शिकेत नमूद केले.

आता आपण आपल्या कूलरकडे येऊ.

गारव्यासाठी वाळा वापरणे हे आपल्याकडे जुनेच. 'आईन-इ-अकबरी'त अकबराच्या वाळ्याच्या खोल्यांचा उल्लेख आहे. त्यांवर पाणी शिंपडले की भर उन्हाळ्यात हिवाळा वाटे, असे अबुल फझल सांगतो. इंग्रजी अमदानीत एकोणिसाव्या शतकात साहेबलोकांनी एक लाकडी पेटारा काढला. त्याला बाजूंनी वाळ्याच्या ताट्या, वरून पाणी, आत हाताने फिरवायचा पंखा. त्याचे नाव 'थर्मँटिडोट', म्हणजे उष्म्यावरचा उतारा. आजचा कूलर त्याचाच नातू म्हणायचा. १९३० च्या दशकात अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटी भागात त्याला विजेचा पंखा आणि पाण्याचा पंप जोडला गेला.

या पंपापाशी मला काही म्हणायचे आहे. वाळ्याच्या ताटीवर माणूस ताजे पाणी मारी आणि ते खाली गळून जाई. दुपार कलली की ताटी उन्हाने खडखडीत वाळे. पंप आला आणि तेच ते पाणी टाकीतून ताट्यांवर, ताट्यांवरून टाकीत असे दिवसरात्र फिरू लागले. पाणी वाफ होऊन जाते, पण त्यातली धूळ आणि क्षार मागेच राहतात. ताटीतले गवत किंवा लाकडाचा चुरा तर कधी वाळतच नाही. म्हणजे वेस्टमोरलंडची ओली गंजी आपण खिडकीत बसवली आणि तिच्यातून वारा घेऊ लागलो.

हे नुसते माझे अनुमान नाही. भारतातील १९ शहरांतल्या २७ रुग्णालयांनी मिळून फुफ्फुस चिवट करणाऱ्या अशा रोगांच्या १,०८४ रुग्णांची नोंद केली. ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. इतर देशांत अशा नोंदींत वेगळेच रोग पुढे दिसतात. आपल्याकडे शेकडा ४७ रुग्णांना हाच, गंजीवाला, बाहेरच्या धुळीशी शरीराने मांडलेल्या वैराचा रोग निघाला. आणि त्यांतल्या सुमारे निम्म्यांच्या घरी कूलर होता. यावर कोणी विचारील, 'अहो, कूलर तर घरोघर आहेत, मग तो गुन्हेगार कशावरून?' प्रश्न रास्त आहे. क्लीव्हलंडची आठवण ठेवून मीही म्हणेन, की एवढ्यावरून खटला सिद्ध होत नाही. कबुतरांची विष्ठा आणि घरातली ओल यांचीही नावे त्या यादीत आहेत. पण संशय इतका बळकट असताना आणि कूलर धुवायला खर्च जवळजवळ नसताना, पुराव्याची वाट पाहत आजीला त्या झोतासमोर झोपवणे शहाणपणाचे नव्हे.

मग बुरशी काढायची कशी? या प्रश्नाचे एक फार जुने लिखित उत्तर यहुदी लोकांच्या धर्मग्रंथातील 'लेवीय' नावाच्या भागात आहे. भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टे दिसले तर घर सात दिवस बंद ठेवावे. चट्टे पसरले तर ते दगड काढून गावाबाहेर टाकावे, गिलावा खरडावा, नवे दगड बसवावे. इतके करूनही चट्टे आले तर घर पाडावे. हजारो वर्षांपूर्वीचा नियम, पण विचार किती बिनचूक! वरून पुसू नका, खराब झालेला भागच काढा आणि पुन्हा येते का ते पाहा.

मध्यंतरी माणूस हे विसरला. विसाव्या शतकात रसायने मुबलक झाली आणि यंत्रांच्या हवा-नळांत जंतुनाशक फवारून देणाऱ्यांचा धंदा अमेरिकेत जोरात चालू लागला. अखेर १९९७ साली तिथल्या सरकारच्या पर्यावरण खात्याला लोकांसाठी एक पुस्तिका काढावी लागली. हवा-नळ दरवर्षी साफ करून घेण्याची सरसकट गरज नाही. डोळ्यांना बुरशी दिसत असेल तर मात्र साफ करा. नळाला आतून लावलेले लोकरीसारखे अस्तर भिजून बुरसले असेल तर ते साफ होत नसते, ते काढून नवे लावा. आणि ओल कुठून येते ते शोधून बंद केले नाही, तर बुरशी परत येणारच. हा त्या पुस्तिकेचा सारांश. औषध मारून मेलेली बुरशीसुद्धा छातीला बाधू शकते, कारण शरीराचे वैर तिच्या कणांशी आहे, तिच्या जिवाशी नाही. म्हणून ती नुसती मारून भागत नाही, काढावी लागते.

आपल्या कूलरला हेच लावू. आधी बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा. ओल्या हाताने कूलर हाताळताना दर उन्हाळ्यात माणसे जातात. मग नाकातोंडाला दुहेरी फडके बांधा, त्याहून चांगले म्हणजे दवाखान्यात वापरतात तसा घट्ट बसणारा मास्क लावा, आणि हे काम अंगणात करा. ज्याला दमा आहे त्याने ते करू नये. कोरडी बुरशी झाडूने झटकू नका, बी उधळते. आधी ओल्या फडक्याने टिपा, मग साबणाच्या पाण्याने टाकी, जाळी, पंख्याची पाती घासा. मागच्या सालच्या ताट्या कितीही बऱ्या दिसल्या तरी टाकून द्या. त्या लेवीयातले दगड समजा. ब्लीचिंगचे पाणी वापरलेच तर ते थोडे आणि मोकळ्या हवेत वापरा. त्यात फरशी पुसायचे अॅसिड चुकूनही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. सारे धुऊन झाले की कूलर एक दिवस कडक उन्हात उघडा ठेवा.

पुढे उन्हाळाभर आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून, कोरडी करावी. डासांच्या अळ्यांसाठी कोरडा दिवस पाळा असे आरोग्यसेवक सांगतात, तोच दिवस या कामाला धरावा. रोज कूलर बंद करण्याआधी पाणी बंद करून अर्धा तास नुसता पंखा चालू द्यावा, म्हणजे ताट्या वाळतात. खिडकी उघडी हवीच. बंद खोलीत कूलर गारवा देत नाही, नुसती ओल देतो. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी आतली जाळी दर महिन्याला धुवावी आणि निचऱ्याच्या नळीतून पाणी ठिबकते आहे ना ते पाहावे. ते ठिबकत नसेल, किंवा घरात भिंतीवर ओघळत असेल, तर तबक तुंबले आहे असे समजून कारागीर बोलवावा.

शिक्षकमंडळींनी एक प्रयोग वर्गात करून पाहावा. पावाचे दोन तुकडे घ्या. एक खडखडीत वाळवलेला, एकावर पाणी शिंपडलेले. दोन पारदर्शक पिशव्यांत घालून तोंडे पक्की बांधा आणि आठ दिवस कपाटात ठेवा. हवा दोघांनाही तीच, बीही तेच. कोणत्या तुकड्यावर काय उगवते ते मुलांना बघू द्या. पिशव्या मात्र उघडू नका, तशाच टाकून द्या.

आणि एक. घरात कोणाला उन्हाळ्यात कोरडा खोकला लागून राहिला असेल, संध्याकाळी कणकण येत असेल, परगावी गेल्यावर बरे वाटून घरी परतल्यावर पुन्हा सुरू होत असेल, तर डॉक्टरांकडे जाताना एवढे सांगायला विसरू नका की आमच्याकडे कूलर आहे, तो अमुक दिवसांत धुतलेला नाही. गोठा आहे, वैरण भिजली होती. छपरावर कबुतरे बसतात. डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगा. क्षयाची तपासणीही करून घ्यावीच, ती टाळू नये.

मृगाचा पाऊस लागला की कूलर आत जाईल. त्याआधी ताट्या काढून टाका, टाकीतले शेवटचे पाणी पुसून घ्या, दोन उन्हे दाखवा, आणि मग झाकून ठेवा. झाकायला प्लास्टिक नको, ते ओल धरते. जुने सुती लुगडे किंवा चादर पुरेशी होते.